मन थकते तेव्हा

आपण घरात बटण दाबतो. दिवा लागतो. पंखा फिरू लागतो. ही वीज येते कुठून? नागपूरकडच्या माणसाला विचारा. तो चटकन सांगेल, "कोराडीहून."

कोराडी हे गाव नागपूरच्या उत्तरेला, सावनेरच्या रस्त्याला आहे. जगदंबेच्या देवळामुळे ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवरात्रात तेथे दूरदूरची माणसे दर्शनाला येतात. १९७४ साली कोराडीला विजेचा पहिला संच सुरू झाला. आता तेथे ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. कोळसा जळतो. पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने चक्र फिरते आणि वीज तयार होते.

धान्य आपण कोठीत भरून ठेवतो. विजेचे तसे नाही. ती लागेल त्या वेळी तयार करावी लागते. म्हणून वीज केंद्र रात्रंदिवस चालते. तेथे माणसे पाळीपाळीने काम करतात. गाव झोपलेले असते, तेव्हा रात्रपाळीची माणसे जागी असतात.

यंत्राची काळजी सगळे घेतात. त्याला तेल घालतात. ते तापले का, थरथरते का, हे पाहतात. ठरलेल्या वेळी संच बंद करून त्याची दुरुस्ती करतात. "चालते आहे ना, मग चालू द्या," असे कोणी म्हणत नाही.

पण यंत्र चालवणाऱ्या माणसाचे काय? त्याचे शरीर थकते. त्याचे मनही थकते. त्याची तपासणी कोण करतो?

दोन कामगारांचे बोलणे

आता एक गोष्ट वाचू. यातली माणसे पाठापुरती मानलेली आहेत. पण अशी माणसे कोणत्याही कारखान्यात भेटतील.

एक तरुण ठेकेदाराकडे कामाला होता. काम कोळशाच्या पट्ट्यावर. त्याच्याबरोबर एक वयस्क कामगार होते. सगळे त्यांना काका म्हणत. एके दिवशी डबा खाताना काका म्हणाले, "काय रे बाबू, डबा तसाच ठेवला? तब्येत बरी नाही का?"

"झोपच नाही लागत जी काका. रात्रपाळी करून घरी जातो, तर डोळेच मिटत नाही. अन् कामावर आलो, की डुलक्या येतात."

"किती दिवस झाले?"

"महिना झाला असंल. पोरगं जवळ आलं, तरी चिडतो. काल बायकोवर उगाच ओरडलो. जेवण गोड लागत नाही. कधी कधी छाती धडधडते."

"मंग डॉक्टरले दाखवलं का?"

"डॉक्टरले काय सांगू जी? ताप नाही, खोकला नाही. लोक म्हणतील, याचं डोकं फिरलं. ठेकेदारानं ऐकलं, तर उद्यापासून येऊ नको म्हणंल. घर कसं चालंल मंग?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परवा पट्टा चालू असताना तू हात पुढं नेला होता. मी मागं ओढलं म्हणून वाचला. आठवते ना?"

तरुणाने मान खाली घातली. "आठवते जी. माझं ध्यानच नव्हतं."

"हे पाय, उद्या पाय मुरगळला, तर तू लपवशील का? मन दुखते, तेही दुखणंच होय. उद्या तुझी सुट्टी आहे. मी येतो तुझ्यासंगं."

काकांनी दोन चांगल्या गोष्टी केल्या. त्यांनी विचारले. आणि सोबत जायला तयार झाले. "घाबरतो कायले? मर्द हो!" असे ते म्हणाले नाहीत.

असे का होते?

आपल्या शरीराला दिवस आणि रात्र कळते. उजेड पडला, की शरीर जागे होते. अंधार पडला, की ते झोपेची तयारी करते. रात्रपाळीत हे उलटे होते. शरीर म्हणते, "झोप." काम म्हणते, "जाग." पाळी वरचेवर बदलली, तर शरीराला सवय व्हायलाही वेळ मिळत नाही.

सलग १७ तास जागा राहिलेला माणूस थोडी दारू प्यालेल्या माणसासारखा मंद होतो, असे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. त्याने एक थेंबही घेतलेला नसतो. तरी त्याचा हात उशिरा हलतो. ध्यान सुटते. म्हणून झोप ही चैनीची वस्तू नाही. ती कामाच्या सुरक्षिततेचा भाग आहे. डोक्यावर हेल्मेट जितके जरुरीचे, तितकीच झोप जरुरीची.

झोप हे एकच कारण नसते. आणखीही कारणे असतात. काम फार आणि हात थोडे. पगार उशिरा. उद्या काम राहील की नाही, ही धास्ती. साहेबाचे किंवा मुकादमाचे टोचून बोलणे. मे महिन्याचे नागपूरचे ऊन आणि त्यात भट्टीची आच. डोक्यावर कर्ज. बाईमाणसाला तर दोन पाळ्या. कामावरून आली, की चूल, पाणी, पोरेबाळे आहेतच. तिची तक्रार कोणी ऐकतही नाही.

म्हणजे दोष नेहमी माणसाच्या मनात नसतो. पुष्कळदा तो कामाच्या पद्धतीत असतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितले. कामगाराला उपचार द्या, पण कामाची पद्धतही सुधारा, असा तिचा सल्ला आहे. उदासी आणि चिंता यांमुळे जगात दर वर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असा हिशेब तिने मांडला आहे. मग यात मालकाचेही नुकसान आहेच.

विश्रांती कशी मिळाली?

आज रविवारची किंवा आठवड्याची सुट्टी आपल्याला साधी गोष्ट वाटते. पण ती आपोआप मिळालेली नाही.

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी कामगार पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत. आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी होते. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवली. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. पगार वेळेवर द्या. पुष्कळ खटपट झाली. शेवटी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात दिल्लीच्या सरकारात मजूर खाते पाहत होते. कामाचे तास कमी व्हावेत, यासाठी त्यांनी पावले उचलली. १९४६ साली कायदा बदलला. बारमाही चालणाऱ्या कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांऐवजी ४८ तास काम ठरले. १९४८ च्या कारखाने कायद्याने तोच हिशेब पुढे चालवला. जादा कामाला दुप्पट मजुरी द्यावी, असेही त्यात सांगितले. नंतर कायद्यांची नावे बदलली. पण ४८ तासांची मर्यादा राहिली.

त्या वेळी 'मानसिक आरोग्य' हा शब्द कामगारांच्या तोंडी नव्हता. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. विसावा नसेल, तर माणूस माणूस राहत नाही.

रस्त्यावरचे रुग्णालय

नागपूरहून कोराडीला जाताना वाटेत एक मोठे सरकारी रुग्णालय लागते. ते प्रादेशिक मनोरुग्णालय. ते १८६४ सालापासून आहे. लोक त्या भागाला अजून 'पागलखाना चौक' म्हणतात. रिक्षावालेही म्हणतात. हे नाव ऐकले, की आजारी माणूस बिचकतो. "तिकडे गेलो, तर लोक काय म्हणतील?" या भीतीने तो घरीच कुढतो.

थोडा विचार करा. दमा झालेल्या माणसाला आपण हसतो का? मग मनाच्या आजाराला का हसावे? १२ राज्यांत २०१५-१६ साली सरकारने एक पाहणी केली. दर दहा मोठ्या माणसांमागे सुमारे एकाला मनाचा कोणता ना कोणता आजार होता. त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळालेलाच नव्हता. म्हणजे असा माणूस आपल्या आळीत आहे. आपल्या पाळीत आहे. कदाचित आपल्या घरात आहे.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतही मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत. तेथे बाहेरच्या खिडकीवर चिठ्ठी काढून तपासून घेता येते. तपासायला गेले, की भरती करून टाकतात, असे मुळीच नाही. बहुतेक माणसे तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येतात.

गोष्टीतल्या तरुणाचेही तसेच झाले. डॉक्टरांनी त्याचे सगळे ऐकून घेतले. रक्त तपासले, कारण रक्त कमी असले तरी थकवा येतो. झोपेचे नियम सांगितले. थोडे दिवस औषध दिले. "गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. मनानेच औषध बंद करू नका," असे बजावले. काकांनी मुकादमाशी बोलून त्याला काही दिवस पट्ट्यापासून दूरचे काम मिळवून दिले. महिन्याभराने तो डबा पुरा खाऊ लागला.

देवीवर श्रद्धा असेल, तर देवीला जरूर जा. नमस्कार करा. मनाला धीर येतो. पण डॉक्टरकडेही जा. देवी काही दवाखान्याची वाट अडवत नाही.

तुमचा हक्क

२०१७ साली मानसिक आरोग्य सेवेचा कायदा झाला. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा आपला हक्क आहे.

२. आपला आजार डॉक्टरांनी गुप्त ठेवला पाहिजे. तो ठेकेदाराला किंवा शेजाऱ्याला सांगत फिरता येत नाही.

३. शरीराच्या आजाराला विमा मिळतो, तसाच मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे.

दवाखाना दूर असेल, तर फोन करा. नंबर आहे १४४१६. या सरकारी सेवेचे नाव टेली-मानस. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत. दिवसा करा, रात्री करा. मराठीत बोला.

केव्हा सावध व्हावे?

एखादा दिवस मन खट्टू होणे हा आजार नव्हे. पण पुढील खुणा दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

झोप न लागणे. भूक मरणे. उगाच राग किंवा रडू येणे. कशातच मन न लागणे. कामात वारंवार चुका होणे. कारण सापडत नाही अशी अंगदुखी, डोकेदुखी. झोपेसाठी किंवा दुःख विसरण्यासाठी रोज दारू लागणे.

आणि कोणी म्हणाले, "आता जगण्यात अर्थ नाही," तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. जवळ बसा. ऐका. ताबडतोब १४४१६ वर फोन करा किंवा दवाखान्यात न्या.

घरी काय करावे?

रात्रपाळी करून आलेल्या माणसाची खोली अंधारी ठेवा. खिडकीवर जाड चादर लावा. त्याच्या झोपेच्या वेळी रेडिओ, टीव्ही हळू लावा. पाळी संपायला चार-पाच तास उरले, की चहा घेऊ नये. चहाचा अंमल बराच वेळ राहतो. झोपेसाठी दारू घेऊ नये. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते.

कामावर काय करावे?

पाळी बदलायचीच, तर पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर रात्रपाळी, असा क्रम ठेवावा. शरीराला तो सोपा जातो. लागोपाठ दोन पाळ्या कोणालाही देऊ नयेत. मुकादमाने चूक दाखवावी, पण चारचौघांत अपमान करू नये. सोबत्याने सोबत्याला विचारावे, "कसा आहेस?" आणि उत्तर ऐकायला थांबावे. एकट्याचे म्हणणे कोणी ऐकत नसेल, तर चौघांनी मिळून साहेबांकडे जावे. कामगार संघटना असेल, तर तिच्या सभेत हा विषय काढावा.

शरीराचे दुखणे दिसते. मनाचे दुखणे सांगावे लागते. सांगणाऱ्याला धीर हवा. ऐकणाऱ्याला माया हवी.

विचार करा व सांगा

१. तरुण डॉक्टरकडे जायला का घाबरत होता? ती भीती कोणी दूर केली?

२. रविवारची सुट्टी कोणत्या साली मिळाली? तिच्यासाठी कोण झटले?

३. 'पागलखाना' हा शब्द वापरावा का? तुम्हांला काय वाटते?

४. तुमच्या कामाच्या जागी कोणती एक गोष्ट बदलली, तर मनावरचा भार हलका होईल?

करून पहा

१४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहा. तो घरात आणि कामाच्या जागी सर्वांना दिसेल असा लावा. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवा.