ट्रॅक्टर आणि घरचीं अवजारें : मळ्याच्या वाटेची निगा

ज्या शेतकऱ्यानें ट्रॅक्टर घेतला, त्यानें तो बहुधा नांगरटीच्या हिशेबानें घेतलेला असतो. परंतु नांगरट वर्षांतून थोडेच दिवस चालते आणि मळ्याची निगा मात्र बारा महिने राखावी लागते. वस्तीपासून सडकेपर्यंतची वाट पावसाळ्यांत चिखलानें बंद पडली, म्हणजे तोडलेला भाजीपाला जागींच सडतो, दूध नासतें व आजारी माणसास वेळेवर दवाखान्यांत नेतां येत नाहीं. हीं कामें मोठ्या व महाग यंत्रांवांचून होत नाहींत, असा पुष्कळांचा समज आहे; पण तो बरोबर नाहीं. दारीं ट्रॅक्टर असेल, तर गोठ्यामागें पडलेल्या लाकडालोखंडांतून केलेलें साधें अवजार त्यांतील बरेंच काम करतें. मात्र असें अवजार करतांना व जुंपतांना एक नियम पाळावा लागतो. तो असा कीं, घरगुती सुधारणा मातीच्या टोकास खुशाल करावी. ट्रॅक्टरच्या टोकास करूं नये. पहिल्या अर्ध्यानें पैसा वांचतो, दुसऱ्या अर्ध्यानें जीव वांचतो.

मिसूरीचा धडा

अमेरिकेंतील मळे व रँच, म्हणजे गुरांच्या चराईच्या विस्तीर्ण जमिनी, यांना मातीच्या वाटांचा त्रास फार जुना. १९०४ सालच्या गणतींत तेथील ग्रामीण रस्त्यांची लांबी सुमारे २१ लक्ष ५० हजार मैल भरली. त्यांपैकीं खडी, मुरूम वगैरे घालून सुधारलेले रस्ते शेंकडा सातच होते. बाकी सर्व उघडी माती.

मिसूरी राज्यांत मेटलंड येथें डी. वॉर्ड किंग नांवाचा शेतकरी राहत असे. १८९६ च्या वसंतऋतूंत त्यानें लाकडांची एक ओबडधोबड चौकट घोड्यांना जुंपून आपल्या दारच्या रस्त्यावरून ओढली, व पाऊस पडून गेला कीं तो हें काम पुन्हां करूं लागला. मोठी भर घातली नाहीं, खडी टाकली नाहीं. तरी त्याचा रस्ता सुधारत गेला. १९०८ सालीं अमेरिकेच्या कृषिखात्यानें त्यानेंच लिहिलेली पत्रिका शेतकऱ्यांसाठीं छापली, आणि हें अवजार त्या देशांत सर्वत्र पसरलें.

यांतील मर्म कुंभाराला लगेच कळेल. ओली चिकणमाती दाबून व घोटून वाळूं दिली, तर तिचा पृष्ठभाग कठीण होतो व त्यावरून पाणी निसटतें. तीच माती चाकोऱ्यांसह तशीच सोडली, तर प्रत्येक चाकोरी पाण्याची नाली बनते, त्या पाण्यानें खालची माती आणखी मऊ होते व पुढची गाडी तेथेंच अधिक खोल रुतते. म्हणून वाटेचा खरा शत्रू गाडी नव्हे. वाटेवर उभें राहिलेलें पाणी हा तो शत्रू होय.

जोडफळी कशी करावी

किंगच्या अवजारास आपण जोडफळी म्हणूं. आपल्याकडील मैंद ज्यानें वापरली आहे, त्यास ती नवी वाटणार नाहीं. सात-आठ फूट लांब व दहा-बारा इंच व्यासाचा एक ओंडका उभा चिरून दोन फाळके करावे. दोन्ही फाळके धारेवर उभे ठेवून, त्यांच्या सपाट बाजू पुढें येतील अशा रीतीनें, एकामागें एक सुमारें तीस इंच अंतरावर ठेवावे व तीन आडव्या दांड्यांनीं घट्ट जोडावे. पुढच्या फाळक्याच्या खालच्या धारेस, चराकडे येणाऱ्या अर्ध्या भागांत, लोखंडी पट्टी ठोकावी. ही पट्टी चराकडील टोकास अर्धा इंच खालीं यावी व मध्यावर लाकडाच्या धारेशीं एकसारखी व्हावी. सबंध लांबीभर पट्टी ठोकली, तर अवजार वाटेचा मधला उंचवटा खरवडून टाकतें.

आज लाकडाऐवजीं लोखंडी गर्डरचे किंवा जाड चॅनेलचे दोन तुकडे वापरतां येतात. गांवच्या लोहाराकडून अथवा वेल्डिंगवाल्याकडून ते जोडून घ्यावे. वजन कमी पडलें, तर चौकटीवर दगड किंवा मातीचीं पोतीं पक्कीं बांधावीं. मैंदेवर माणूस उभा राहतो तसा या चौकटीवर माणूस मात्र उभा करूं नये. बैलजोडी हांकेसरशी थांबते. ट्रॅक्टर चालकास मागें पडलेल्या माणसाची हांकहि ऐकूं येत नाहीं.

केव्हां व कशी चालवावी

वेळ चुकली तर मेहनत फुकट जाते. वाट चिखलांत असतांना फळी ओढली, तर माती तिला चिकटते. वाट पार वाळल्यावर ओढली, तर ढेंकळें व धूळ यांखेरीज कांहीं निघत नाहीं. पेरणीसाठीं आपण जशी वाफशाची वाट पाहतों, तशीच येथेंहि पाहावी. पाऊस उघडल्यावर माती ओलसर असावी, पण चिकटूं नये, अशा वेळीं काम करावें.

साखळी अशी बांधावी कीं फळी वाटेशीं सरळ आडवी न राहतां तिरकी चालेल, म्हणजे चराकडील टोंक पुढें व मधल्या रेघेकडील टोंक मागें राहील. मग कडेची माती घसरत मध्यावर येते. पहिला फेरा एका कडेनें, परतीचा दुसऱ्या कडेनें व शेवटचा मध्याजवळून घ्यावा. गति चालत्या माणसाइतकी पुरे. एकाच दिवशीं उंचवटा करण्याचा हव्यास धरूं नये. दर पावसानंतर थोडी थोडी माती चढत जाऊन दहा फूट रुंदीच्या वाटेचा मध्य कडांपेक्षां तीन-चार इंच उंच झाला, म्हणजे पाणी दोन्ही अंगांनीं उतरून जातें. कडेचे चर उघडे नसतील, तर तें उतरलेलें पाणी पुन्हां वाटेंतच मुरेल. म्हणून पावसाळ्यापूर्वीं चर उपसून घ्यावे. चढावरील वाटेस जागोजागीं तिरके उंचवटे करून पाणी बाजूस वळवावें, नाहींतर वाटेचाच ओढा होतो.

आपल्या काळ्या जमिनीविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. ती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. अशा जमिनीवर जोडफळी वाटेला आकार देते व पाणी काढून देते, पण भर पावसांत गाडीचें ओझें पेलण्याचें बळ मातीस देत नाहीं. तेथें आकार दिल्यावर मुरुमाचा थर द्यावा व पुढें त्या थराची निगा याच फळीनें राखावी. आकार न देतां टाकलेला मुरूम चिखलांत बुडतो व खर्च वाया जातो.

ट्रॅक्टरचें टोंक

आतां नियमाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळूं. ट्रॅक्टरच्या मागें खालच्या बाजूस जी मजबूत ओढपट्टी असते, तिला ड्रॉबार म्हणतात. ओढावयाचें कोणतेंहि ओझें तेथेंच जोडावें. फळी नीट चालत नाहीं, साखळी आंखूड पडते, किंवा बाभळीचा बुडखा उपटावयाचा आहे, म्हणून पुष्कळ जण साखळी मागील चाकांच्या आंसाला, बैठकीच्या कण्याला किंवा लिफ्टच्या वरच्या दांड्याला बांधतात. यांतच घात आहे.

कारण असें. इंजिन मागील चाकें फिरवूं पाहतें. चाकें अडलीं व ओझें हललें नाहीं, तर तेंच बळ ट्रॅक्टरचें पुढचें अंग वर उचलूं लागतें. साखळीची ओढहि ट्रॅक्टरला मागें उलथवीत असते, आणि साखळी जमिनीपासून जितकी उंच बांधलेली, तितकी या ओढीची तरफ लांब. ड्रॉबारपाशीं ही तरफ आंखूड असते. शिवाय पुढचें अंग उचलूं लागतांच आंसामागें असलेला ड्रॉबार खालीं जातो व तरफ आणखी आंखूड होते. आंसाच्या वर बांधलेल्या साखळींत हा बचाव नाहीं. पुढचीं चाकें उचलल्यापासून सुमारें पाऊण सेकंदांत ट्रॅक्टर अशा स्थितीस पोंचतो कीं मग त्यास कोणी सांवरूं शकत नाहीं. तेवढ्या वेळांत चालकाचा पाय क्लचपर्यंत जात नाहीं.

ही भीति पुस्तकी नव्हे. १९१७ पासून मोठ्या संख्येनें निघालेला फोर्डसन ट्रॅक्टर स्वस्त म्हणून घरोघर गेला. पण मागें ओढलेला नांगर दगडाला किंवा मुळाला अडला, म्हणजे तो मागें उलटून चालक चिरडल्याचे प्रकार घडूं लागले. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यानें नांगर ट्रॅक्टरशीं तीन सांध्यांनीं जोडून हा दोष दूर करण्याचा उद्योग केला, व १९३९ सालीं फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती जोडणी बाजारांत आली. आज आपल्या ट्रॅक्टरांना जी लिफ्ट असते, तिचें मूळ हेंच. जोडाचा बिंदू बदलण्यासाठीं अशा कारागिराचीं कित्येक वर्षें खर्ची पडलीं. तो आपण एका दुपारीं वेल्डिंग करून बदलूं नये.

बुडखा काढावयाचा असेल, तर भोंवती खणून मुळें तोडावीं, व तरीहि न हलल्यास खोदणाऱ्या यंत्राची वाट पाहावी. ट्रॅक्टरला झटका देऊन बुडखा उपटणें हा सर्वांत महाग मार्ग होय.

चौकट व फिरता दांडा

स्वीडननें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि पुढील वर्षांत उलटून होणारे मृत्यु तेथें फार घटले. चौकटीबरोबर पट्टाहि बांधला पाहिजे. नाहींतर माणूस चौकटीबाहेर फेंकला जाऊन तिच्याच खालीं सांपडतो. झाडाच्या फांद्या लागतात म्हणून चौकट काढून ठेवणें, किंवा तिला भोंकें पाडून दिवे बसविणें, हीहि ट्रॅक्टरच्या टोकाचीच घरगुती सुधारणा होय, व ती करूं नये.

तीच गोष्ट पी.टी.ओ. दांड्याची. त्याची नेहमींची गति मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे. तीन इंच व्यासाचा दांडा या गतीनें एका सेकंदांत सात फूट कापड गुंडाळतो. धोतराचा सोगा, उपरणें अथवा मळणीवर काम करणाऱ्या बाईचा पदर त्यांत सांपडला, तर हात मागें घेण्यास सवड राहत नाहीं. दांड्यावरील आच्छादन फुटलें, तर काम थांबवून नवें बसवावें. ग्रीस देणें, अडकलेला पेंढा काढणें वगैरे कामें इंजिन बंद करून दांडा पूर्ण थांबल्यावरच करावीं.

सारांश

जोडफळीची लांबी, वजन, पट्टी, तिरकेपणा यांत शेतकऱ्यानें आपल्या जमिनीप्रमाणें हवे ते फेरफार करून पाहावे. त्यांत चूक झाली, तर फार तर एक फेरा वाया जाईल. परंतु ड्रॉबार, चौकट व दांड्याचें आच्छादन हीं तीन स्थानें कारखान्यानें दिलीं तशींच राखावीं, व ट्रॅक्टर मुलाच्या किंवा गड्याच्या हातीं देण्यापूर्वीं त्यास तीं बोट ठेवून दाखवावीं. मृगाचा पाऊस पडण्याआधीं फळी तयार ठेवावी, चर उपसावे, आणि पहिली उघडीप मिळतांच वाफसा पाहून वाटेस लागावें.