तेवीस धडे आणि एक मोबाईल

"मुलगी लायब्ररी सायन्स करायचं म्हणते. आता पुस्तकं वाचतंय कोण? आणि ही तर दिवसभर मोबाईलवर!" पालक या दोन्ही तक्रारी एका दमात करतात. पहिलीचं उत्तर दुसरीतच दडलंय, हे त्यांना सांगायला थोडा वेळ लागतो.

उदाहरणच द्यायचं तर, २००६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट-मेक्लेनबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांना तेवीस छोटे उद्योग लावून दिले. स्वतःचा ब्लॉग काढा, फ्लिकरवर फोटो टाका, लायब्ररीथिंगवर पुस्तकांची यादी लावा, विकीवर चार ओळी लिहून बघा. परीक्षा नाही, मार्क नाहीत. सगळे पुरे करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस. आधी स्वतःपुरतं खेळून बघा, मग ग्रंथालयात काय उपयोग होईल ते सुचेल, असा सगळा मामला. ही कल्पना पुढे देशोदेशीच्या ग्रंथालयांनी उचलली. त्या यादीतली डिलिशससारखी (वेबपानांच्या खुणा जपणारी) साधनं नंतर बंद पडली. म्हणून तर अमुक एका ॲपचा क्लास लावायला पैसे मोजू नका, असं मी सांगते.

मग शिकायचं काय? घरातली पन्नास पुस्तकं लायब्ररीथिंगवर चढवून बघा. पहिल्या दहातच घोटाळा होतो. एका पुस्तकाला 'पु. ल. देशपांडे' असा टॅग, दुसऱ्याला 'पुलं', तिसऱ्याला 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण'. महिन्याभराने 'पुलं' म्हणून शोधलं की एकच पुस्तक सापडतं, बाकीची कपाटात असून नसल्यासारखी. एका लेखकाचं एकच प्रमाण नाव ठरवायचं आणि बाकीची रूपं त्याच्याशी जोडून ठेवायची, हे तालिकीकरणातलं (कॅटलॉगिंगमधलं) जुनं काम. पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते असं ठेच लागल्यावर पक्कं बसतं. वाचकाचा वेळ वाचवणं हा ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१मधल्या पाच सूत्रांपैकी चौथ्याचा गाभा; त्यात मोबाईल नव्हता एवढंच.

व्हॉट्सॲपचंही तसंच. अभ्यासिकेचा ग्रुप काढणं दोन मिनिटांचं काम. पण "राज्यसेवेचे जुने पेपर आहेत का?" हा प्रश्न सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो आणि रोज नव्याने विचारला जातो. वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लावून ठेवणारा, ती वेळच्या वेळी बदलणारा मुलगा मला ग्रंथपालनात मुरलेला वाटतो, पदवी असो-नसो. त्याच ग्रुपवर कुणी नव्या कादंबरीची पीडीएफ टाकली तर ती काढायला लावणं हेही त्याचंच काम. आपल्याकडे सर्वसाधारणपणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं पुस्तकावरचा हक्क (कॉपीराइट) टिकतो. पालकांनी हे मुलांना आवर्जून सांगावं. बहुतेक घरांत पीडीएफ पाठवणारे बाबाच असतात.

हक्क संपलेल्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत आहे. एका बाजूला जुन्या पानाची प्रतिमा, दुसऱ्या बाजूला मजकूर. अक्षर अक्षर ताडून बघायचं. 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल पकडताना डोळ्यांना जी सवय लागते, ती पुढे डिजिटायझेशनच्या कामात उपयोगी पडते. शिवाय तुमच्या खात्यावर प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहते. मुलाखतीत दाखवायला प्रमाणपत्रापेक्षा ती बरी.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात: कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर बी.लिब., मग एम.लिब.; महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर नेट किंवा सेट. ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं कोहा आणि डिजिटल संग्रह ठेवणारं डीस्पेस ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, हात बसवून घ्या. संदर्भ जमवून मांडणारं झोटेरोही शिका, संशोधन करणाऱ्याला संदर्भ नीट लावून दिलेत की तो तुम्हाला विसरत नाही. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत पगार तुटपुंजा असतो आणि सरकारी भरतीची वाट बघावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे नजर महाविद्यालयं, संशोधन संस्था, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, प्रकाशकांचे डिजिटल विभाग अशी चहूकडे असू द्या.

सुरुवात आज रात्रीही करता येईल. आईच्या मोबाईलमधल्या पाककृती, स्क्रीनशॉट आणि आवाजी निरोप, सगळं एका जागी अशा नावांनी लावून द्या, की 'थालीपीठ' शोधलं काय आणि 'थालिपीठ' शोधलं काय, तिला भाजणीचं प्रमाण सापडलंच पाहिजे.