गाय्‌ज परिसरातील कीट्सचा पुतळा

वैद्यकीय शिक्षणसंस्थांच्या आवारात सामान्यतः संस्थापकांचे वा दात्यांचे पुतळे आढळतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गाय्‌ज परिसरातही रुग्णालयाचे संस्थापक थॉमस गाय उंच चौथऱ्यावर उभे आहेत. पीटर शीमेकर्स यांनी १७३४ मध्ये घडविलेला हा पुतळा, गाय यांच्या संपत्तीचा संबंध गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या समभागांशी असल्याने, २०२० मध्ये काही काळ फळ्यांआड गेला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच आवारातील दुसरा पुतळा होय.

जुन्या लंडन पुलावरील एक दगडी कोनाडा तेथे आणून ठेवला आहे. त्यातील बाकावर ब्राँझचा एक तरुण बसलेला आहे. शेजारची जागा रिकामी. हा कवी जॉन कीट्स. शिल्पकार स्टुअर्ट विल्यमसन, वर्ष २००७. दाता नव्हे, प्राध्यापक नव्हे, तर येथे शिकून व्यवसाय सोडून गेलेला विद्यार्थी!

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना त्याचे शिक्षण जवळचे वाटेल. एडमंटन येथे थॉमस हॅमंड यांच्याकडे उमेदवारी, ऑक्टोबर १८१५ मध्ये गाय्‌जमध्ये प्रवेश, पुढे शल्यचिकित्सकाच्या हाताखाली व्रणोपचार. तेही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात. अपॉथिकरी, म्हणजे औषधे बनविणारा आणि रुग्णही पाहणारा व्यावसायिक. १८१५ च्या कायद्याने त्याला उमेदवारी व परीक्षा आवश्यक ठरविली. २५ जुलै १८१६ रोजी कीट्स ती परीक्षा उत्तीर्ण झाला.

धाकटा भाऊ टॉम १८१८ मध्ये क्षयाने गेला. त्याची शुश्रूषा कीट्सनेच केली होती. फेब्रुवारी १८२० मध्ये एका रात्री स्वतःला खोकल्यातून रक्त पडताच त्याने मेणबत्ती मागविली, रंग न्याहाळला, रक्त धमनीचे असल्याचे ओळखले आणि मृत्यूचे निदान स्वतःच सांगितले. उपचार काय, तर रक्तमोक्षण आणि जवळजवळ उपासमार. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोम येथे वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

राजयक्ष्म्यात बलरक्षण मुख्य आणि क्षीणाचे रक्तमोक्षण वर्ज्य, हे आपण जाणतो. परंतु म्हणून त्या वैद्यांना हसण्याचा अधिकार मला वाटत नाही. रक्तष्ठीवनाचा एक रुग्ण मी रक्तपित्त समजून तीन आठवडे वासावलेहावर ठेवला होता. थुंकी तपासणीस पाठविली ती त्यानंतर, आणि क्षय निघाला. तेव्हापासून अशा रुग्णाला तपासणीची चिठ्ठी मी औषधाच्या आधी लिहून देतो.