मोटारीतील साखळी आणि पट्टा

पेशवाईच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्यांपैकी एखाद्या घराच्या अंगणात उभी असलेली जुनी लहान मोटार आपण डोळ्यांपुढे आणू. मालक सेवानिवृत्त आहेत. गाडी आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाते आणि वर्षातून दोन-चार वेळा ओरछ्याला जाऊन येते. पंधरा वर्षांत ती जेमतेम ४०,००० किलोमीटर चालली आहे. ती विकावयास काढली म्हणजे गिऱ्हाईकाला एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : “गाडी फारशी चाललेलीच नाही.” एवढे ऐकून घेणाऱ्याचे समाधान होते. हे समाधान कितपत योग्य आहे, याचे उत्तर एंजिनाच्या एका टोकाशी, एका साध्या झाकणाखाली दडलेले असते.

दोन दंडांची सांगड

पेट्रोलच्या एंजिनात दट्ट्याच्या चार धावा मिळून एक आवर्तन पुरे होते. पहिल्या धावेत हवा व इंधन आत येते, दुसऱ्या धावेत ते दाबले जाते, तिसऱ्या धावेत जळलेला वायू दट्ट्याला ढकलतो आणि चौथ्या धावेत तो बाहेर जातो. या चार धावांत भुजादंडाचे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत क्रँकशाफ्टचे, दोन फेरे होतात. झडपा मात्र एका आवर्तनात एकदाच उघडावयाच्या असतात. म्हणून त्या उघडणारा कॅमदंड निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. याच कारणाने त्याच्यावरील चाकाला भुजादंडावरील चाकाच्या दुप्पट दाते असतात.

भुजादंड मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर कॅमदंडाचे १,५०० फेरे होतात. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. ही उघडझाप दट्ट्याच्या चालीशी तंतोतंत जुळती ठेवण्याचे काम दोन दंडांना जोडणाऱ्या साखळीचे किंवा दातेरी पट्ट्याचे असते. गॅरेजमध्ये यांनाच ‘टायमिंग चेन’ आणि ‘टायमिंग बेल्ट’ म्हणतात.

हा दुवा तुटला तर कॅमदंड जागच्या जागी थांबतो आणि काही झडपा उघड्याच राहतात. काही एंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला दट्ट्या यांच्यामध्ये पुरेशी मोकळी जागा ठेवलेली असते. तेथे एंजिन बंद पडण्यापलीकडे सहसा नुकसान होत नाही. इतर एंजिनांत मात्र दोघांची जागा एकच असते. केवळ वेळा निराळ्या असतात म्हणून त्यांची गाठ पडत नाही. अशा एंजिनात वेळ चुकताच दट्ट्या झडपांवर आदळतो व झडपा वाकतात. शिवाय बंद पडलेली गाडी कोठे थांबेल हे आपल्या हाती नसते. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे देशाचे दोन महामार्ग झाशीपाशी एकमेकांना छेदतात. त्यांवरील मालमोटारींच्या रांगेत एंजिन एकाएकी थांबणे म्हणजे जिवाशी गाठ आहे.

साखळी झिजते आणि बोलते

दातेरी चाकावर गुळगुळीत फिरणाऱ्या रोलरच्या साखळीचे एकस्व हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली घेतले. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या आणि पुढे पद्मिनी या नावाने ओळखल्या गेलेल्या फियाट ११०० मोटारीत अशीच साखळी होती. तिच्या एंजिनात कॅमदंड भुजादंडाच्या जवळच बसविलेला असल्यामुळे साखळी आखूड होती. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या या टॅक्सींपैकी शेवटची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली.

जुनी साखळी ‘ताणली’ असे मिस्त्री म्हणतात. वस्तुतः लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतील खीळ आणि तिच्याभोवतीची नळी यांची झीज होते. समजा, साखळीच्या ओढ असलेल्या बाजूस २५ कड्या आहेत आणि प्रत्येक कडीत ०.०४ मिलिमीटर झीज झाली. त्या बाजूची लांबी १ मिलिमीटरने वाढेल. कॅमदंडावरील चाकाचा परिघ ३६० मिलिमीटर धरला, तर कॅमदंड १ अंशाने व भुजादंडाच्या हिशेबाने २ अंशांनी मागे पडेल. कडी-कडीची नजरेस न येणारी झीज अशी साठत जाते.

साखळी एंजिनाच्या तेलात न्हात असते. तेल वेळेवर बदलले तर ती दीर्घकाळ टिकते. तेल कमी पडले किंवा धुळीने खराब झाले, तर बुंदेलखंडातील बारीक धूळ तिच्या सांध्यांत कानसीचे काम करते. मात्र तिचा एक मोठा गुण असा, की ती सहसा तुटण्यापूर्वी बोलते. सकाळी गार एंजिन सुरू करताच झाकणाखालून खडखडाट ऐकू येऊ लागला, तर तो तिचा इशारा समजावा.

पट्टा मुकाट्याने म्हातारा होतो

रबरी दातेरी पट्टा वापरून मोठ्या संख्येने बनविलेली पहिली मोटार म्हणजे जर्मनीतील ग्लास १००४. ती १९६२ मध्ये बाजारात आली. आपल्याकडे १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० मोटारीच्या ७९६ घनसेंटिमीटरच्या एंजिनात कॅमदंड झडपांच्या वर होता व तो अशाच पट्ट्याने फिरत असे. पट्टा हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा असतो. त्याला तेल लागत नाही. रबराच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात, त्या ओढ सोसतात. दातांवर घट्ट कापड असते, ते घर्षण सोसते.

परंतु रबर न वापरताही म्हातारे होते. हवेतील प्राणवायू त्याच्या लांब रेणूंवर सतत क्रिया करीत असतो आणि रबर कडक होत जाते. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कित्येक रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम आहे. झाशीत मे-जून महिन्यांत पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. फेरी मारून आलेली गाडी अशा उन्हात उभी केली, म्हणजे टोपणाखालील उष्णता कितीतरी वेळ तशीच कोंडून राहते. त्यात तेलाच्या सीलमधून गळती होत असेल, तर तेल शोषून रबर फुगते व दाते मुळापासून सुटू लागतात. या सगळ्याचा आवाज होत नाही. वरून पाहून धड दिसणारा पट्टाही तुटू शकतो. म्हणून डोळ्यांची तपासणी पुरेशी नव्हे.

म्हणूनच बहुतेक उत्पादक पट्टा बदलण्याची मुदत दोन प्रकारे सांगतात : इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, यांपैकी जे आधी पुरे होईल ते. किलोमीटरचा आकडा पुष्कळदा ६०,००० ते १,००,००० यांच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. अंगणातल्या गाडीची किलोमीटरची मुदत संपलेली नाही, पण वर्षांची केव्हाच संपली आहे.

जुनी गाडी घेताना

गाडीत साखळी आहे की पट्टा, हे प्रथम विचारावे. पट्टा असेल आणि तो केव्हा बदलला याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजून नवा बसवावा. त्याबरोबरच ताण देणारी फिरकी आणि गळणारी सीले बदलावीत. नव्या पट्ट्याचा घात जुनी फिरकीही करू शकते. नवा पट्टा हाताने मुडपू नये, कारण आतील काचतंतू तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. बसविल्यावर दोन्ही चाकांवरील खुणा जुळवून भुजादंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. शेवटी तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी टोपणाच्या आतील बाजूस चिकटवावी. पुढच्या मालकावर तो मोठाच उपकार होईल.

साखळीची झीज चालण्याने होते. पट्ट्याची चालण्याने आणि काळानेही. “गाडी फारशी चाललेलीच नाही” हे ऐकल्यावर सुज्ञ माणसाने एवढेच विचारावे : “बरे, पण पट्टा किती वर्षांचा आहे?”

अभ्यासासाठी प्रश्न
१. भुजादंड मिनिटाला २,४०० फेरे घेत असताना एक झडप सेकंदाला किती वेळा उघडेल?
२. पट्टा बसविल्यावर खुणा तपासताना भुजादंड एकच फेरा फिरवून का भागत नाही?
३. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या मोटारीची पुस्तिका पाहा. तिच्यात पट्ट्याची मुदत किलोमीटरमध्ये दिली आहे, वर्षांत दिली आहे, की दोन्हींत?