वन्य अळंबी : शाकविचार आणि विषविचार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेचा. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग मात्र त्यास अपवाद आहे. घाटघर, भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड व कळसूबाईच्या परिसरात पावसाने जोर धरला की महादेव कोळी व ठाकर समाजाच्या घरी रानभाज्यांबरोबर अळंबीही शिजते. त्यांच्याकडे ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ज्यांच्याकडे ती नाही, अशी मंडळीही अळंबी खुडतात आणि मग आपल्याकडे दोन प्रश्न येतात : ‘ही खावी काय?’ आणि ‘खाल्ल्यावर उलट्या होत आहेत, काय द्यावे?’ पहिल्याचे उत्तर चुकले तर दुसरा प्रश्न उद्भवतो. दुसऱ्याचे चुकले तर रुग्ण दगावू शकतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

संहितोक्त विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 27 व्या अध्यायात शाकवर्गात छत्रजातींचा उल्लेख केला असून, सर्पच्छत्रक वगळता अन्य अनेक जाती मधुर, शीत, गुरु व पीनसकर सांगितल्या आहेत. सुश्रुताचार्यांनी (सूत्रस्थान, अध्याय 46) उद्भिद शाकांचे पलाल, इक्षु, करीष, वेणु व क्षिती या उत्पत्तिस्थानांवरून भेद केले असून, भूमिज शाकाचा अनुरस भूमीनुसार बदलतो असे म्हटले आहे. भावप्रकाशात संस्वेदज शाके शीत, पिच्छिल, गुरु आणि छर्दी, अतिसार, ज्वर व कफविकार उत्पन्न करणारी मानली आहेत. मात्र शुचिस्थानी, काष्ठ, वेणु इत्यादींवर उगवलेली श्वेत छत्रे फारशी दोषकर नाहीत, असा अपवादही दिला आहे.

येथे सावध राहिले पाहिजे. हे वर्णन पथ्यापथ्याचे आहे. जाती ओळखण्याची ती कसोटी नव्हे. अमानिटा कुळातील काही अत्यंत घातक जाती शुभ्र व स्वच्छ दिसतात. ‘श्वेत म्हणून निर्दोष’ असा अर्थ लावून रुग्णास अनुमती देणे हा शास्त्राचा विपर्यास होय. तसेच ‘सर्पच्छत्रक’ या एका नावावरून आजची विशिष्ट जाती निश्चित करता येत नाही.

ओळख

खाद्य अळंब्यांत प्रमुख ती वारुळाची अळंबी, म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी आपल्या वारुळात या बुरशीची जणू बाग जोपासते. तेथूनच पावसाळ्यात छत्र्या वर येतात. म्हणून तिचा देठ जमिनीत मुळासारखा निमुळता होत खोलवर, बुरशीच्या पोळीपर्यंत जातो. छत्रीच्या मध्यभागी बहुधा टोकदार उंचवटा असतो. वारूळ फोडल्यास पुढील वर्षीचे पीक नष्ट होते. तिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

याउलट अमानिटाच्या घातक जातींत छत्रीखालील पापुद्रे पांढरे, देठावर कडे आणि बुडाशी पेल्यासारखे आवरण आढळते. हे आवरण मातीत दडलेले असते. देठ वरून खुडला की नेमकी हीच खूण जमिनीत राहते. कोवळ्या, मिटलेल्या छत्रीत तर कोणतीच खूण स्पष्ट नसते. पुस्तकातील चित्र किंवा भ्रमणध्वनीवरील छायाचित्र पाहून निर्णय देऊ नये.

काही लोकसमज प्रचलित आहेत : चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी, लसूण रंगला तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर निर्विष. यांपैकी एकही समज विश्वसनीय नाही. अमानिटातील विष उकळल्याने, तळल्याने किंवा वाळवल्यानेही नष्ट होत नाही.

काळाचे महत्त्व

रुग्णास विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा : अळंबी खाल्ली केव्हा, आणि पहिली उलटी झाली केव्हा? एक-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर ते बहुधा पचनसंस्थेपुरते विष असते. जलक्षय सांभाळल्यास रुग्ण प्रायः सावरतो. परंतु सहा तासांनंतर, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर पहाटे, तीव्र छर्दी व अतिसार सुरू झाल्यास यकृतघातक विषाचा संशय घ्यावा. हे विष यकृतपेशींतील प्रथिननिर्मिती थांबवते. दुसऱ्या दिवशी रुग्णास बरे वाटते. हा आराम फसवा असतो, कारण त्याच काळात यकृताचा नाश चालू असतो. त्यानंतर कावीळ, रक्तस्राव व मूर्च्छा येतात. एकाच भाजीत अनेक जाती मिसळलेल्या असू शकतात, म्हणून लवकर सुरू झालेली उलटीही संपूर्ण निश्चिंततेचे कारण नव्हे. आसामात एप्रिल 2022 मध्ये वन्य अळंबी खाऊन 13 जण दगावले. त्यांत चहामळ्यांच्या वस्तीतील अनेक होते.

आपले कर्तव्य

पावसाळ्यात छर्दी-अतिसाराच्या प्रत्येक रुग्णास अळंबीविषयी विचारावे. संशय आल्यास स्तंभन औषध देऊ नये; जलसंजीवनी चालू ठेवावी. उशिरा आलेल्या रुग्णास वमन देऊन लाभ नाही, उलट क्षीणता वाढते. कुटकी, भुईआवळी यांच्या योगांवर विसंबून काळ दवडणे अक्षम्य ठरेल. यकृताची तपासणी व अतिदक्षता विभाग उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. घाटघर, कुमशेतसारख्या गावांतून संगमनेर वा नाशिक गाठण्यासच बराच वेळ जातो. त्याच ताटातील सर्व मंडळींना, लक्षणे नसली तरी, तपासणीस पाठवावे. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत द्यावी. पत्रावर भोजनाची व पहिल्या उलटीची वेळ अवश्य लिहावी.

औषधालयचालकांनाही हेच लागू आहे. ‘उलटी थांबवायची गोळी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास एक प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. कोणास अळंबी खावयाचीच असेल तर लागवडीची धिंगरी सुचवावी. ज्या घरात ती ओळख परंपरेने आहे, त्यांच्या ज्ञानाचा आदर करावा. पण ते ज्ञान आपण दुसऱ्यास चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही, याचे भान ठेवावे.