बेंगळुरूत जेली चिवट का होते?

प्रश्न : मुंबईला माझ्या नणंदेकडे चॉकलेटमध्ये बुडवलेली पेरूची जेली अगदी मऊ होते. मी तिचीच कृती करते, थर्मामीटरही लावते. तरी माझी जेली चिवट होते आणि वरचं चॉकलेट पापुद्र्यासारखं सुटून येतं. असं का?
– एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू

उत्तर : तुमच्या हाताचा यात काही दोष नाही, तुमचं शहर उंचावर आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर असल्यामुळे तिथे पाणी १०० नव्हे, तर ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. अशा जेलीसाठी मिश्रण साधारण १०७ अंशांपर्यंत आटवतात, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ७ अंश वर. मुंबईत तेव्हा मिश्रणात जेमतेम चौथा हिस्सा पाणी उरलेलं असतं. तुमच्याकडे १०७ गाठेपर्यंत त्यातलंही बरंच उडून जातं. पुढच्या वेळी आधी नुसतं पाणी उकळा, थर्मामीटर काय दाखवतो ते पाहा आणि त्यात ७ मिळवा. बहुधा १०४ येतील. तिथे गॅस बंद.

गोव्यात नाताळसाठी पेराद करतात, तेव्हा थर्मामीटर लागत नाही. पेरूचा गर आणि जवळपास तितकीच साखर सतत ढवळत राहायची; मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की ताटात थापायचं. ही खूण किती पाणी उरलं तेच सांगते, त्यामुळे ती कुठल्याही उंचीवर खरी ठरते. पेराद जेलीपेक्षा घट्ट असते आणि बुडवायला म्हणूनच सोयीची. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, ते साखर आणि आंबटपणा मिळाला की आवळून येतं; लिंबू मात्र शेवटी पिळा. तुमच्याकडची बेंगळुरू ब्ल्यू द्राक्षं मिळाली तर त्यांचा गाळलेला रस पेरूच्या गरात घालून जरूर पाहा. रंग आणि आंबटगोड वास दोन्ही सुरेख येतात. चायना ग्रासची जेली करायला सोपी, पण कापल्यावर ती पाणी सोडत राहते. चॉकलेटखाली मी ती वापरणार नाही.

चॉकलेट सुटतं तेही पाण्यामुळेच. ओलसर वडीवर ते धरत नाही. वड्या कापून जाळीवर रात्रभर उघड्या ठेवा, मध्ये एकदा उलटा; पावसाळ्यात आणखी एक दिवस द्या. बोटाला चिकटेनाशा झाल्या की बुडवायला तयार. साखरेत घोळवू नका, साखर ओल ओढते. फ्रिजमधल्या गार वडीवर बुडवलेलं चॉकलेट तडकतं, म्हणून वड्या घरातल्या तापमानालाच असू द्या.

आता चॉकलेट. त्यात पाण्याचा थेंब पडला की ओल्या झालेल्या साखरेचे कण एकमेकांना चिकटून सगळं घट्ट, खरबरीत होतं. गरम पाण्यावरच्या भांड्याची वाफही आत जाऊ देऊ नका. डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा, थोडं किसलेलं चॉकलेट घालून ढवळत २८ पर्यंत उतरवा आणि पुन्हा ३१-३२ वर आणा. कोको बटरचे स्फटिक वेगवेगळ्या प्रकारांत जमतात. अशा चढउतारानं त्यातला हवा तो प्रकार पकडता येतो आणि चकाकी, कुरकुरीतपणा मिळतो. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. चार-पाच मिनिटांत डाग न पडता सुकलं, तर जमलं. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, त्याला हा खटाटोप लागत नाही. पण चवीत फरक कळतोच.

तयार वड्या हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवा. एप्रिलच्या उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवाव्याच लागल्या, तर बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. आधी तो घरातल्या तापमानाला येऊ द्या.