तरत्या आसनावरील मासेमारी

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापासून जवळच, हेन्री नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. १८१० साली कातड्यांच्या व्यापारासाठी त्या प्रदेशात आलेल्या अँड्र्यू हेन्री याच्यावरून त्यास हे नाव पडले. आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही ते सुमारे १,००० फूट अधिक उंचीवर असल्याने हिवाळ्यात गोठून जाते. परंतु विस्ताराच्या मानाने त्याची खोली अगदी थोडी, सरासरी १२ फूट आहे. त्यामुळे उन्हाळ्यात तळाशी पाणवनस्पतींचे रान माजते, त्या रानात किड्यांची रेलचेल होते, आणि त्यांवर पोसलेले ट्राउट मासे चांगलेच धष्टपुष्ट होतात.

हे मासे धरण्याची एक रीत मोठी मौजेची आहे. गळाला गांडूळ न लावता त्यावर पिसे, केस व धागा गुंडाळून किड्याची प्रतिकृती बनवितात. तिला 'माशी' म्हणतात. माशीने मासा धरावयाचा! अशा माश्यांसाठी आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना एके काळी विलायतेत मोठी मागणी असे. आज त्या पक्ष्यास कायद्याचे संरक्षण आहे.

माशी इतकी हलकी असते की, नुसती फेकू म्हटले तर ती चार हातही जाणार नाही. म्हणून येथे वजन दोराला दिलेले असते. काठी मागे झुगारताच दोर पाठीमागे हवेत पसरतो. क्षणभर थांबून काठी पुढे आणली की, तो पुढे उलगडत जातो आणि माशीला बरोबर नेतो. तो क्षणभराचा विराम साधणे, हीच या विद्येतील खरी कठीण गोष्ट होय. माशी पाण्यात पडल्यावरही घाई उपयोगी नाही. जूनच्या अखेरीस टाचणी नावाच्या चतुरासारख्या कीटकाची पिल्ले वनस्पतींतून काठाकडे पोहत निघतात. त्यांच्याप्रमाणेच माशीही थांबत थांबत ओढावी लागते.

परंतु माशांजवळ जावयाचे कसे? मोठ्या होडीचा पंखा वनस्पतींत अडकतो, आणि तिच्या आवाजाने मासे बुजतात. यावर काढलेली युक्ती म्हणजे फ्लोट ट्यूब. पूर्वी ट्रकच्या चाकातील रबरी ट्यूबवर जाड कापडाचे आवरण घालून मध्ये बैठक शिवीत. आता ती समोरून उघडी, घोड्याच्या नालासारखी मिळते. छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार घालून मासेमार तीत बसतो. त्याचे पाय पाण्यात असतात व पावलांना बदकाच्या पंजासारखे रबरी पडदे बांधलेले असतात. पाय हलविले की तो पाठीकडे सरकतो; जावयाचे एकीकडे आणि तोंड दुसरीकडे! हात मात्र काठीसाठी मोकळे राहतात. कयाकचे याहून निराळे. सीलच्या कातड्याने मढविलेली ही अरुंद नाव मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. आज ती प्लॅस्टिकचीही करतात. ती वेगाने जाते, पण वल्हे हाती असेपर्यंत काठी हाती धरता येत नाही.

या मंद आसनाचा खरा वैरी वारा आहे. सकाळी आरशासारखे दिसणारे सरोवर दुपारी खवळते. फुगलेल्या ट्यूबला वारा सहज ढकलतो, आणि नुसत्या पायांच्या बळावर त्याच्यासमोर टिकाव लागत नाही. उन्हाळ्यातही पाणी थंड असते; त्यात फार वेळ राहिल्यास हातपाय बधिर होतात. विजारीत पाणी शिरले तर काठावर चढणेही जड जाते. म्हणून जाणता मासेमार तरंगजाकीट घातल्यावाचून उतरत नाही. सकाळी तो वाऱ्याच्या समोर जातो, म्हणजे परतताना वाराच त्यास काठाकडे आणतो.

पंचाईत पुढेच असते. नेमकी टाचण्यांची गर्दी उसळावी, माशांनी माशीवर झडप घालावयास आरंभ करावा, आणि त्याच वेळी पलीकडील डोंगरावर ढग दिसावेत! नवखा म्हणतो, "आणखी एकच मासा." जुना मासेमार पाण्यावर उठलेली पहिली काळसर लहर पाहतो, दोर गुंडाळतो आणि पाय मारू लागतो. त्याची पाठ काठाकडे असते; त्यामुळे मागे सोडलेले उड्या मारणारे मासे त्यास वाटभर दिसत राहतात.